मदत हवी आहे: ऑडिओ एडिटरच्या लेबलांत मराठी अक्षरं फुटतात, आणि बग नोंदवला तर 'आमच्याकडे नीट दिसतं' म्हणतात

नमस्कार मंडळी,

घरातल्या जुन्या कॅसेटांवरची कीर्तनं संगणकावर घेतेय. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू म्हणजे पाऊण तास, त्यामुळे कुठे काय आहे ते कळावं म्हणून वेव्हफॉर्मखाली (आवाजाच्या आलेखाखाली) लेबलं लावते: पूर्वरंग, निरूपण, उत्तररंग. शब्द तीनच, पण सॉफ्टवेअरने तिघांची तीन तऱ्हांनी वाट लावलीय.

टाइप करताना सगळं झकास दिसतं. एंटर दाबला की पूर्वरंगमधला रफार खाली उतरतो आणि 'पूर्‌वरंग' होतं. निरूपणमधली पहिली वेलांटी 'न'च्या आधी न येता नंतर येते, म्हणजे ती 'रू'च्या गळ्यात. उत्तररंगमधला 'त्त' सुटून 'त्‌त' होतो. लेबलावर डबल-क्लिक केलं की पुन्हा शहाण्यासारखं नीट! झूम कमी केल्यावर लेबल मावत नाही, मग शेवटी तीन टिंबं येतात. तिथे कधीकधी मात्रा व्यंजनापासून तुटते आणि टिंबाटिंबांचं गोल वर्तुळ उमटतं.

आवाजाला काही धक्का नाही. लेबलं टेक्स्ट फाइलमध्ये एक्स्पोर्ट केली तर नोटपॅडमध्ये अगदी शुद्ध उघडतात. माहिती शाबूत आहे, घोळ फक्त दाखवण्यात आहे.

विंडोज ११, डिस्प्ले स्केलिंग १२५ टक्के. १०० टक्क्यांवर आणूनही फरक नाही. सेटिंग्ज मूळपदावर नेल्या, नव्या प्रोजेक्टमध्ये ४४० हर्ट्झचा नुसता टोन घेऊन त्याला लेबल लावलं, तरी तेच. म्हणजे कॅसेटच्या फाइलींचा यात काही संबंध नाही.

सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे. नाव इथे देत नाही, नाहीतर धागा 'ते टाका, हे वापरा'कडे जाईल. त्यांच्या बग ट्रॅकरवर पायऱ्यांसकट नोंद केली, तिन्ही शब्द पेस्ट केले. उत्तर आलं की तुम्ही लिहिलंय तसंच आमच्याकडे दिसतं, बग पुन्हा घडवता आला नाही. नोंद बंद. ज्याला देवनागरी वाचता येत नाही, त्याला हा बग दाखवायचा तरी कसा?

रिकामा टाळकरी: फॉन्टचा प्रॉब्लेम असेल. नोटो सान्स देवनागरी टाकून बघा.

धागाकर्ती: फॉन्ट नसता तर चौकोन दिसले असते ना? इथे अक्षरं सगळी आहेत, जागा चुकल्यात. तरी निर्मला आणि नोटो दोन्ही लावून पाहिले. फरक शून्य.

पायमोडका: ताई, फॉन्ट नाही, हे शेपिंग आहे, म्हणजे अक्षरं जोडून योग्य जागी बसवणं. वेलांटी कुठे जाईल, रफार कुणावर चढेल, हे हार्फबझसारखी लायब्ररी (सॉफ्टवेअरमध्ये वापरायचा तयार कोड) ठरवते, पण त्यासाठी अख्खा शब्द तिच्या हातात द्यावा लागतो. टाइप करायची चौकट बहुधा सिस्टिमची आहे, म्हणून तिथे ठीक. एंटरनंतरचं लेबल सॉफ्टवेअर स्वतः काढत असणार, आणि माझा अंदाज असा की एकेक अक्षर सुटं मोजून काढत असणार. इंग्रजीत खपून जातं.

तुम्ही पेस्ट केलेले शब्द त्यांनी ब्राउझरमध्ये पाहिले असतील. ब्राउझर शेपिंग चोख करतो, मग बग दिसणार कुठून? एकाच स्क्रीनशॉटमध्ये दोन लेबलं घ्या, मजकूर तोच, एक एडिट करताना आणि एक एंटरनंतरचं. लिपी येत नसली तरी दोन चित्रं वेगळी आहेत एवढं कुणालाही दिसतं. पूर्ण शब्दही नको, 'नि' पुरे. सोबत युनिकोड क्रमांक द्या: ०९२८ आणि ०९३एफ. आणि ट्रॅकरवर अरबी शोधा. अरबी अक्षरं एकमेकांना जोडून येतात, ती सुटी पडल्याची तक्रार कुणीतरी केली असणारच, आणि तिच्याकडे लक्ष जायची शक्यता जास्त.

ओवीबद्ध: 'ऱ्य' पण द्या. 'वारकऱ्यांचा' हा शब्द दोन पद्धतींनी टाइप होतो: एकात ऱ (०९३१) आणि हलन्त, दुसऱ्यात र, हलन्त आणि २००डी हे अदृश्य जोडचिन्ह. दुसऱ्या पद्धतीत मध्येच चौकोन येतो का बघा.

धागाकर्ती: येतो! आणि अरबीची जुनी नोंद खरंच सापडली, अजून उघडी आहे. माझं सगळं तिथेच जोडू का? कुणाकडे लिनक्स असेल तर सॉफ्टवेअरचं नाव व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) कळवते, 'नि' टाकून बघाल?

पायमोडका: व्यनि मिळाला. उबुंटूवर पाहिलं, वेलांटी आणि रफार दोन्ही बरोबर. पण झूम कमी केला की टिंबांचं वर्तुळ इथेही येतं. म्हणजे बग दोन आहेत. शेपिंगचा अरबीच्या नोंदीला जोडा आणि 'फक्त विंडोज' असं स्पष्ट लिहा. मजकूर तोडतानाचा वेगळा नोंदवा, शब्द 'कीर्ती' घ्या, आणि लेबलाची रुंदी हळूहळू कमी करतानाचं स्क्रीन रेकॉर्डिंग लावा.