मदत हवी आहे: काउंटी सुपरवायझरची निवडणूक माझ्या बॅलटवर का नाही?

कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहतो, गेल्या वर्षी सिटिझन झालो त्यामुळे मतदान पहिल्यांदाच. २ जूनच्या प्रायमरीचं (म्हणजे निवडणुकीच्या पहिल्या फेरीचं) बॅलट, मतपत्रिका, पोस्टाने आलं. रविवारी मॉर्गन हिलचा मित्र आपलं बॅलट घेऊन घरी आला, म्हटलं चहा घेत दोघं मिळून भरू, तर त्याच्या कागदावर बोर्ड ऑफ सुपरवायझर्सची (काउंटीचा कारभार चालवणाऱ्या मंडळाची) लढत आहे आणि माझ्या कागदावर नाहीच! काउंटी (इथला जिल्हाच म्हणा) दोघांची एकच, सांता क्लारा. दोनदा उलटसुलट करून पाहिलं. माझं नाव चुकीच्या यादीत पडलंय का?

त्यात सासरे आलेत इकडे. सातारा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, त्यांनी चष्मा पुसत ठरवूनच टाकलं की ही इथली झेडपी, पाच गट, पाच सदस्य. मग अध्यक्ष कोण? पक्षाचं नाव, चिन्ह कुठंय? आणि सातारा शहरातले लोक झेडपीला मत देत नाहीत, मग तुम्ही सिटीत राहून कसे देता? मी गप्प. कुणी नीट सांगेल का?

प्रतिसाद १:
बॅलट बरोबर आहे, घाबरू नका. पाच डिस्ट्रिक्ट, प्रत्येकातून एक सुपरवायझर, टर्म चार वर्षांची, पण पाचही जण एकदम निवडत नाहीत. १ आणि ४ ची निवडणूक २०२२ ला झाली म्हणून आता २०२६ ला, आणि २, ३, ५ ची २०२४ ला झाली ती आता थेट २०२८ ला. सनीव्हेल ३ मध्ये येतं, मॉर्गन हिल १ मध्ये. जूनमध्ये कुणाला निम्म्याहून जास्त मतं पडली तर तिथंच विषय संपला, नाहीतर पहिले दोघं नोव्हेंबरला परत समोरासमोर. पक्षाचं नाव छापतच नाहीत, आतून कोण कुणाचा ते सगळ्यांना माहीत असतं ते सोडा. सलग तीन टर्मनंतर मात्र थांबावं लागतं.

अध्यक्ष हे पाच जण आपल्यातूनच निवडतात, त्याला आपण वेगळं मत देत नाही. रोजचा कारभार काउंटी एक्झिक्युटिव्ह बघतो, झेडपीच्या सीईओसारखा, फक्त इथे त्याला वरून सरकार पाठवत नाही, बोर्डच नेमतं. शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख) आणि डिस्ट्रिक्ट अॅटर्नी (मुख्य सरकारी वकील) मात्र लोकांतून निवडून येतात.

प्रतिसाद २:
सासऱ्यांचा सिटीचा मुद्दा भारी आहे, इथेच झेडपीची तुलना फसते. काउंटीचं हॉस्पिटल, जेल, सोशल सर्व्हिसेस सिटीतल्यांनाही लागतात, म्हणून मत सगळ्यांना. तुमचं बॅलट पाठवणारं ऑफिससुद्धा काउंटीचंच. सॅन मार्टिनसारख्या ठिकाणी सिटीच नाही, तिथे बोर्ड म्हणजेच नगरपालिका समजा. आणि क्युपर्टिनोला स्वतःचे पोलीस नाहीत, शेरीफचे लोक कॉन्ट्रॅक्टवर गस्त घालतात, हे मला इथे दहा वर्षं राहून कळलं. बाय द वे, एलए (लॉस एंजेलिस) काउंटीत कोटभर लोकांना पाचच सुपरवायझर, शेवटी २०२४ च्या नोव्हेंबरात मतदारांनी ते नऊ करायचं ठरवलं.

धागाकर्ता:
खूप थँक्स दोघांना! सासऱ्यांना वाचून दाखवलं, सीईओला सदस्यच नेमतात हे ऐकून म्हणाले, "आमच्याकडे असं असतं तर रोज मारामाऱ्या झाल्या असत्या." मित्राला आता फोन करतो, त्याचं बॅलट आमच्याच डायनिंग टेबलवर राहिलंय, त्यावर चहाच्या कपाचा गोल उमटलाय. तसंच पाठवलं तर चालेल का?