खिमा पास्ता: जंक म्हणायचं की जेवण?

लातूरची_सुगरण
अकरावीतली लेक क्लास करून रात्री उशिरा घरी येते. आठवड्यातून एकदा तिला खिमा पास्ता लागतो. सासूबाई म्हणतात, मैद्याचे तुकडे खाऊन डोकं चालत नसतं. माझं मत उलट आहे. नीट केला तर हे पोटभर जेवण आहे.

हिशोब बघा. एका माणसाला ८० ग्रॅम कोरडा पास्ता, म्हणजे साधारण २८५ कॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिनं. १०० ग्रॅम कच्चा मटण खिमा घातला की आणखी १८-२० ग्रॅम. कांदा, टोमॅटो, दोन चमचे तेल धरून ताट ६०० कॅलरीच्या आसपास जातं. ५५ किलोच्या बाईला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीनुसार दिवसाला ४६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात, त्यातली जवळपास ३० एका ताटात आली. वर बी१२ जीवनसत्त्व, जे भाजी-भाकरीत नसतंच. आता सांगा, यात जंक काय?

परभणीचा_कास्तकार
ताई, खिम्याचे गुण पास्त्याच्या नावावर कशाला खपवता? प्रथिनं खिम्याची, लोह खिम्याचं, बी१२ बी खिम्याचंच. तोच खिमा भाकरीसंगं वाढा की. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात १० ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, पास्त्यात जेमतेम तीन. अन् आमच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेसोबत २०१८ला ज्वारीचं 'परभणी शक्ती' वाण आणलं. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त. आपल्या रानातलं सोडून पाकिटं फोडायची, अन् मग ज्वारीला भाव नाही म्हणून आपणच बोंबलायचं.

लातूरची_सुगरण
दादा, भाकरी घरात रोजच असते. पण रात्री लेक अर्धी चतकोर खाऊन उठते. ताटात राहिलेल्या भाकरीतलं लोह कुणाच्या रक्तात जातं?

नांदेडची_आहारवाली
दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. पहिली, मैद्याची. पाकिटाच्या मागं घटक वाचा. 'ड्युरम गव्हाचा रवा' लिहिलं असेल तर तो मैदा नाही. आपला बन्सी गहू त्याच जातकुळीतला. हा रवा घट्ट दाबून वाळवलेला असतो, त्यामुळं त्यातला स्टार्च हळूहळू पचतो. पांढऱ्या पावाचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झटकन वाढते त्याचा आकडा, ७५च्या आसपास, पास्त्याचा ५०च्या. मात्र लगदा होईस्तोवर शिजवला तर हा फायदा कमी होतो. दाताखाली किंचित कणी लागली पाहिजे. स्वस्त पाकिटं मैद्याची असतात, तिथं सासूबाई बरोबर.

दुसरी, लोहाची. ज्वारीत लोह असतं, पण धान्यातला फायटेट नावाचा घटक ते बांधून ठेवतो, त्यामुळं शरीराला त्यातलं थोडंच मिळतं. मटणातलं बरंच चांगलं शोषलं जातं, शिवाय सोबतच्या धान्यातलं लोह शोषायलाही मटण मदत करतं. टोमॅटोतलं सी जीवनसत्त्वही तेच काम करतं. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी आहे, तेव्हा हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका.

तंतूंचा मुद्दा मात्र कास्तकार दादांचा. तिथं पास्ता हरतो.

बीडचा_खवय्या
घरचं ठीक. पण बाहेर काय देतात? मागं एका हॉटेलात मागवला होता. वाडगाभर पास्ता, वर चीजची गोधडी, आणि खिमा भिंग घेऊन शोधायचा. सॉस बाटलीतला, गोडसर. दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणतात, त्यातला मोठा वाटा तिथंच उरकला असणार. ताईंचा हिशोब अशा ताटाला लागू नाही.

आणि खिम्यातल्या चरबीचं कुणीच बोललं नाही. खाटकाला मांडीचं मटण दाखवून डोळ्यासमोर खिमा करून घ्या, नाहीतर काय काय दळून देतील नेम नाही. परतताना आधी पाणी सुटतं, ते आटून तडतडायला लागलं की चरबी कडेला येते. कढई जरा कलती करून ती चमच्यानं काढून टाका. मग सुक्या खिम्यात कांदा-टोमॅटो.

संभाजीनगरी
गंमत वाटते. आमच्याकडं नान खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) खाताना कुणी कॅलरी मोजत नाही. नान मैद्याचा, खलियावर बोटभर तेलाचा तवंग, आणि कौतुक काय तर तुघलकाच्या फौजेपासून चालत आलंय म्हणे! पास्त्यानं तेवढं काय घोडं मारलंय?

इटलीतल्या बोलोन्यात पास्त्यावरच्या मांसाच्या सॉसची, रागूची, पाककृती १९८२ला तिथल्या वाणिज्य मंडळात नोंदवून ठेवलीय. त्यात मांस भरपूर आणि टोमॅटो बेताचा. आपण उलट करतो, लाल रस्सा ढीगभर आणि खिमा नावाला.

परभणीचा_कास्तकार
नान खलिया काय रोज खातेत का? पंगत असली तर. अन् मटण आज किलोला सातशे-आठशेच्या घरात. पाच माणसांत माणशी शंभर ग्रॅम धरा, साडेतीनशे-चारशे गेले, पाकिट वेगळं. हे पोषण परवडायचं कुणाला?

नांदेडची_आहारवाली
निम्मा खिमा, निम्मा शिजवलेला अख्खा मसूर घाला. खर्च घटतो, तंतू वाढतात, प्रथिनं मात्र थोडी घटतात. बी१२ अर्धं होतं, पण अंडं-दूध असेल तर चालून जातं. पास्ता ६० ग्रॅमवर आणा, बाजूला काकडी-गाजराची कोशिंबीर. आमच्या घरी काळा मसाला घालून करतात, कुणाला मसूर कळत बी नाही.

परभणीचा_कास्तकार
मसूर अन् काळा मसाला घातल्यावर ते आमच्या चुलीवरचंच झालं. मग त्याच्याखाली पास्ताच कशाला पाहिजे?

लातूरची_सुगरण
कारण लेकीनं ताट चाटून पुसून खाल्लं पाहिजे, दादा. मसूर या शनिवारी घालून बघते. सासूबाईंना भाकरीबरोबर देईन, त्या खातात का बघू.