मदत हवी आहे: परदेशी विद्यार्थ्यांच्या नैराश्याचा डेटा, एकाच माणसाची 'सरासरी' धरायची का?

नमस्कार मंडळी,

पुण्यात एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी जपानमधल्या एका आंतरराष्ट्रीय विद्यापीठाच्या २०१८ च्या सर्वेक्षणाचा खुला डेटा घेतलाय. रिकाम्या ओळी काढल्यावर २६८ जण उरले, त्यात परदेशी २०१. नैराश्य मोजायला पीएचक्यू-९ आहे: गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, गुण ० ते २७, जितके जास्त गुण तितकं नैराश्य जास्त.

तिथे राहून किती वर्षं झाली, त्यावरून गट पाडले. एक वर्षवाले ९५ जण, सरासरी ७.४८. दोन वर्षवाले ३९, सरासरी ८.२८. तीन वर्षवाले ४६, सरासरी ९.०९. इथवर ठीक. चार वर्षवाले १४ आणि सहावाले तीनच. पाच, सात, आठ, दहा वर्षांचे तर एकेकच! दहावाल्याचे गुण १३, पाचवाल्याचा शून्य. सर म्हणतात, आलेखात सगळे बिंदू घे. मला ते पटत नाही. ती सरासरी नाहीच, तो एक माणूस आहे. 'चार आणि पुढे' असा एकच गट केला तर चालेल का? की एकेकाचे गुण सुटे ठिपके म्हणून दाखवू? शिवाय पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाची मुलं वेगवेगळी आहेत, तेव्हा 'राहून राहून नैराश्य वाढतं' असं लिहिता येणार नाही ना?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. हेच प्रश्न पुण्यातल्या परदेशी विद्यार्थ्यांना विचारायचेत. कोंढव्यात आमच्या शेजारी सुदानची मुलगी राहते. तिकडे एप्रिल २०२३ पासून युद्ध चालू आहे. तिला फॉर्म वाचून दाखवला. झोपेच्या प्रश्नावर म्हणाली, "घरचा फोन लागला त्या रात्री लागते." नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा. तो ऐकून ती गप्पच झाली, चार्जिंगला लावलेल्या मोबाईलकडे बघत राहिली. मी कागद मिटला आणि चहा टाकला.

फॉर्म निनावी ठेवला तर मुलं खरं लिहितील, पण नवव्याला 'हो' म्हणणाऱ्यापर्यंत मी पोचणार कशी? खाली टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ नंबर देणार आहेच. तेवढं पुरेल का? नववा प्रश्न गाळून आठच विचारावेत का? होस्टेलमध्ये असं सर्वेक्षण केलेल्या कुणी किंवा समुपदेशकांनी कृपया सांगा. याचं उत्तर मिळेपर्यंत फॉर्म कुणालाच पाठवत नाही.