मदत हवी आहे : मराठी माध्यमातून झेवियर्स, विल्सन किंवा सोफियात समाजशास्त्र

नमस्कार मंडळी,

माझी लेक यंदा बारावी आर्ट्स झाली. पूर्ण शिक्षण मराठी माध्यमातून. आम्ही लालबागला राहतो. तिला समाजशास्त्र घेऊन बी.ए. करायचंय, आणि झेवियर्स, विल्सन, सोफिया ही तीन नावं तिने स्वतःच काढली आहेत.

हे खूळ नाही, म्हणून विचारते आहे. तिचे आजोबा गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर चाळीतली कुठली कुटुंबं गावी गेली, कुठल्या बायका खानावळ चालवू लागल्या, हे ती शेजारच्या म्हाताऱ्यांकडे बसून वहीत उतरवून घेते. मला वाटतं, याचं पुढे काहीतरी व्हायला हवं.

सगळ्यात मोठी काळजी इंग्रजीची. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग 1919 पासून आहे, समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये सरांनी तिथे वर्षानुवर्षं शिकवलं, पण लेखन मुख्यतः इंग्रजीत. लेक वाचते, पण हळू. वर्गात प्रश्न विचारायची वेळ आली की गप्प बसेल, ही भीती आहे. मराठी माध्यमातून या कॉलेजांत गेलेली मुलं इथे असतील तर सांगा, पहिलं वर्ष कसं गेलं? मराठीत टिपणं काढून मग इंग्रजीत लिहायची पद्धत जमते का? आणि झेवियर्ससारखं स्वायत्त कॉलेज परीक्षा स्वतः घेतं, तिथे मराठीत उत्तरपत्रिका चालते का?

दुसरं घरातलं. सासूबाईंना वाटतं, पाद्र्यांच्या कॉलेजात बायबल शिकवतील. मी त्यांना सांगितलं की राज्यघटनेच्या 28 व्या कलमाप्रमाणे सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत संमतीशिवाय धार्मिक शिक्षण सक्तीचं करता येत नाही. विल्सन 1832 पासून आहे, झेवियर्स 1869 पासून. आपली किती माणसं तिथे शिकली. तरी प्रत्यक्षात रोजचं वातावरण कसं असतं, हे तिथे शिकलेल्यांकडून ऐकलं तर त्यांचं मन निवेल.

प्रवेशाचं मात्र मला नीट कळलेलं नाही. आम्ही ओबीसी. शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशात आरक्षणाची मुभा देणाऱ्या घटनेच्या 15(5) कलमात अल्पसंख्याक संस्था वगळल्या आहेत, म्हणजे या ख्रिस्ती कॉलेजांत आमचं प्रमाणपत्र उपयोगी पडणार नाही, असं धरून चालू का? मग खुल्या जागांसाठी बारावीचे गुण पुरतात की कॉलेजची वेगळी प्रवेश परीक्षाही असते?

नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर, म्हणजे एक मुख्य आणि एक दुय्यम विषय, अशी रचना आहे. समाजशास्त्राबरोबर इतिहास घ्यावा की अर्थशास्त्र? तिला पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस किंवा निर्मला निकेतन या समाजकार्याच्या कॉलेजला जायची इच्छा आहे. कुणी म्हणतं मानसशास्त्र घे, नोकरी लवकर मिळते. तिचा ओढा इतिहासाकडे आहे, आणि तो मोडू नये असं मला मनापासून वाटतं. तिन्ही कॉलेजांत समाजशास्त्र आणि इतिहास एकत्र मिळतात का, हेही माहीत असल्यास सांगा.

लवकरच फॉर्म भरायचेत. ज्यांनी तिथे शिकलंय किंवा शिकवलंय, त्यांनी जरूर लिहा. सविस्तर लिहिलंत तरी चालेल, लेक स्वतः वाचणार आहे.