'विकर' लिहावे की 'एन्झाइम'? (शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांसाठीच्या शब्दावरील चर्चा; बोलणाऱ्यांची ओळख त्यांच्या गावांच्या नावाने दिली आहे.)

रत्नागिरी : स्तनाच्या कर्करोगावरील पाल्बोसायक्लिब या औषधाची माहिती रुग्णांसाठी मराठीत लिहिताना मी 'हे औषध पेशीविभाजन घडवणाऱ्या विकरांना रोखते' असे वाक्य केले. मसुदा वाचणाऱ्या परिचारिकेचे म्हणणे असे की, रुग्ण तो शब्द 'विकार' असाच वाचतात. शिवाय या विकरांना कर्करोगाचे 'कारण' म्हणावे की 'चालक'?

देवगड : मुले शाळेत 'विकर' शिकतात, मग तो टाळायचा कशाला? मला तर एन्झाइमसाठीचा जुना शब्द 'वितंचक' अधिक प्रिय आहे, कारण संस्कृतात 'आतंचन' म्हणजे दूध विरजणे, आणि हा शब्द त्याच धातूचा आहे.

वेंगुर्ला : ज्या बाईला डॉक्टर 'लिव्हरची एन्झाइम वाढली आहेत' असे सांगतात, तिला 'एन्झाइम' परके नाही, 'वितंचक' मात्र तिला कोणीतरी समजावून द्यावे लागेल.

अलिबाग : आधी कार्य पाहावे. हे औषध ज्यांना रोखते ती सीडीके-४ आणि सीडीके-६ ही एन्झाइमे निरोगी पेशीतही असतात. सायक्लिन-डी हे प्रथिन जोडले गेले की ती आरबी प्रथिनावर फॉस्फेट चढवतात आणि त्या प्रथिनाने अडवून धरलेले विभाजन पुढे सरकते. खाजणाच्या (खाडीकाठच्या शेतजमिनीच्या) बांधाची उघाडी, म्हणजे पाण्याची झडप, भरतीच्या वेळी मिटली नाही, तर खारे पाणी थेट भातशेतीत शिरते. तसे कर्करोगात आरबीचा अडसर सतत उघडा राहतो. म्हणून 'कारण' चुकीचे ठरते, आणि 'अनिर्बंध झालेली एन्झाइमे' हेच मला योग्य वाटते.

देवगड : मग सायक्लिनला 'चक्रिन' तरी म्हणा. शास्त्रज्ञ टिम हंट यांना १९८२ मध्ये सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांत दिसले ते हेच, की हे प्रथिन विभाजनापूर्वी साचत जाते, विभाजनाच्या वेळी नष्ट होते आणि पुन्हा साचू लागते. त्यांना २००१ चे नोबेल विभागून मिळाले, ते पेशीचक्राच्या नियंत्रणावरील कामासाठी. चक्र आपल्याच भाषेतले आहे.

वेंगुर्ला : पाल्बोसायक्लिब आणि त्याच प्रकारची रायबोसायक्लिब, अबेमासायक्लिब या तिन्ही औषधांच्या नावांत 'सायक्लि' ऐकू येते आणि रुग्ण तीच नावे गोळ्यांच्या पाकिटावर वाचतो, 'चक्रिन' लिहिल्यास हा दुवा तुटेल.

रत्नागिरी : 'अनिर्बंध' स्वीकारावासा वाटतो, पण अडचण पुढेच आहे. हे औषध २१ दिवस घेऊन ७ दिवस थांबवतात, कारण अस्थिमज्जेतील निरोगी पेशीही याच एन्झाइमांच्या बळावर विभागतात आणि औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. तेथे एन्झाइम अनिर्बंध नसते, तरीही रोखले जाते. हे एका वाक्यात कसे मांडावे?

देवगड : दोन वाक्ये करा, पण 'वितंचक' निदान कंसात असू द्या.