मदत हवी आहे: यीस्टमध्ये टी-आरएनएचा इंट्रॉन केंद्रकाबाहेर का कापला जातो? वर्गात कसं पटवू?

नमस्कार मंडळी. मी अमळनेरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आरएनए प्रक्रियेच्या धड्यात एका जागी अडकले आहे, जाणकारांनी मदत करावी.

मुलांच्या गाईडमध्ये सरसकट एकच ओळ असते: स्प्लायसिंग (आरएनएमधला नको असलेला तुकडा, म्हणजे इंट्रॉन, कापून उरलेली टोकं जोडणं) केंद्रकात होतं. एम-आरएनएपुरतं, म्हणजे प्रथिनाचा संदेश नेणाऱ्या आरएनएपुरतं, ते बरोबर. पण बेकरीच्या यीस्टमध्ये टी-आरएनएचा (प्रथिन बनताना अमिनो आम्लं आणून देणारा आरएनए) इंट्रॉन कापणारं विकर, एन्डोन्यूक्लिएज, हे सेन2, सेन15, सेन34 आणि सेन54 या चार प्रथिनांचं संकुल असतं. ते मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पटलावर, पेशीद्रवाकडे तोंड करून बसतं. जपानी संशोधकांनी हे 2003 साली दाखवलं. पृष्ठवंशी प्राण्यांत मात्र तेच संकुल केंद्रकात सापडतं. यीस्टच्या 274 टी-आरएनए जनुकांपैकी साठेक जनुकांत इंट्रॉन आहे, त्यामुळे अपवाद म्हणून सोडूनही देता येत नाही.

हे सांगितल्याबरोबर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, मंग ते बाहेर कसाले जास?" प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. टी-आरएनए तयार होतो केंद्रकात, मग कापून घ्यायला बाहेर कशाला? "यीस्टमध्ये तसंच असतं" एवढं सांगून त्या मुलाला गप्प करायचं नाही मला.

आमच्याकडे फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक नाही, फोटो छापूनच दाखवावे लागतात. डॅपीच्या (डीएनएला निळा चमकवणारा रंग) फोटोत केंद्रकाचा मोठा निळा गोळा दिसतो, पण पेशीच्या कडेला बारीक निळे ठिपकेही असतात. ते मायटोकॉन्ड्रियातलं डीएनए, हे दर वेळी समजावावं लागतं. त्यात सेन संकुल पेशीत फारच थोडं, म्हणून त्याला लावलेल्या खुणेचा हिरवा प्रकाश फिका. फोटोशिवाय, मुलांना स्वतः निष्कर्ष काढता येईल असा पुरावा आहे का?

प्रतिसाद १
ताई, लॉस1 जनुक काढलेल्या यीस्टचा नॉर्दर्न ब्लॉट (आरएनए लांबीनुसार वेगळे करून पट्ट्यांत दाखवणारी चाचणी) दाखवा. लॉस1 प्रथिन टी-आरएनएला केंद्रकाबाहेर नेतं. ते नसलं की दोन्ही टोकं नीट झालेला, पण इंट्रॉन तसाच असलेला टी-आरएनए साचतो. मूळ यीस्टची लेन (ब्लॉटवरचा एका नमुन्याचा रकाना) शेजारी ठेवा आणि मुलांना एवढंच विचारा: कात्री केंद्रकात असती तर बाहेरची वाट अडल्यावर कापणी का रखडली? उत्तर तेच देतील. लॉस1 नसतानाही यीस्ट जगतं, कारण बाहेर नेणारे दुसरेही मार्ग आहेत. तेही सांगून ठेवा, कुणीतरी विचारणारच.

प्रतिसाद २
"कसाले" याचं अर्धं उत्तर 2012 च्या एका प्रयोगात आहे. कापणारी आणि जोडणारी विकरं केंद्रकात हलवली, तिथे टी-आरएनएचं स्प्लायसिंग व्यवस्थित झालं. पण बाहेरचं संकुल नसेल तर पेशी धड वाढेनात. म्हणजे सेन संकुलाला पेशीद्रवात आणखी काहीतरी काम आहे. पुढे 2015 मध्ये हेच संकुल मायटोकॉन्ड्रियाच्या पृष्ठभागावर सीबीपी1 या जनुकाचा एम-आरएनए कापतं, असं दिसलं.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. ब्लॉट आधी दाखवते, 2012 चा प्रयोग त्यानंतर. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारकडे कुणाच्या विभागात फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक असेल आणि वर्गाला एक दिवस पाहू देणार असाल, तर इथेच कळवा. टॉम70 या बाहेरच्या पटलावरच्या प्रथिनाला लाल खूण लावलेलं यीस्ट पाहायला मिळालं तर मायटोकॉन्ड्रियाचं बाहेरचं पटल मुलांना प्रत्यक्ष दिसेल.