देव मानणाऱ्यानं समलिंगी लोकांच्या हक्काच्या बाजूनं उभं राहावं का?

खानापूरकर_माळकरी
नमस्कार मंडळी. आमच्या घरात माळ आहे, बाबा दरवर्षी पंढरीला जातात, मीपण जातो. गेल्या महिन्यात चुलतभाऊ रात्री गच्चीवर मला म्हणाला, दादा मला मुली आवडत नाहीत, मुलगेच आवडतात, आणि बोलताना चहाचा कप हातात तसाच, घोटभरसुद्धा घेतला नाही त्यानं. मी नुसता पाठीवर हात ठेवला. आता गल्लीत बोलतात की हे धर्मात बसत नाही, असल्या लग्नाचा कायदा करणाऱ्याला मत देऊ नका. मी देव मानतो ओ. मग मी कुणाकडं उभं राहायचं?

टिळकवाडी_वकील
समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातलेलं, आपल्या संतांनी नव्हे. 2009 ला दिल्ली हायकोर्टानं दोन सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं, त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलेल्यांत हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन सगळेच होते, या एका गोष्टीत सगळ्यांची एकी झाली बघा. 2013 ला ते उलटलं, शेवटी 6 सप्टेंबर 2018 ला पाचही न्यायाधीशांनी एकमतानं गुन्हा काढून टाकला. लग्नाचं मात्र 17 ऑक्टोबर 2023 ला कोर्ट म्हणालं की ते संसदेनं बघावं. म्हणून तर ते आता मतापर्यंत आलंय. आणि मागणी आहे ती 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणीची, त्यात भटजीपण लागत नाही आणि काझीपण.

शहापूरचे_आण्णा
मला पटत नाही, स्पष्ट सांगतो. आज नोंदणी म्हणता, उद्या देवळात लावा म्हणाल. देशात बहुतेकांची श्रद्धा आहे तिचा काही मान नको का?

टिळकवाडी_वकील
आण्णा, संविधानाच्या 26 व्या कलमानं धार्मिक संप्रदायाला आपला धार्मिक कारभार आपण बघायचा हक्क आहे. तुमच्या देवळात कुठला विधी करायचा ते तुम्हीच ठरवा, पण सरकारी ऑफिसातल्या रजिस्टरवर तुमची श्रद्धा कशी काय चालेल?

यल्लम्माची_लेक
आमची आजी सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर माघी पौर्णिमेला जायची, जोगप्पाच्या, म्हणजे देवीला वाहिलेल्या, बाईच्या वेशात राहणाऱ्या भक्ताच्या, परडीत जोंधळे घालून पाया पडायची, त्यांच्या हातचा भंडारा आम्हा पोरांच्या कपाळाला लावायची. जोगप्पा म्हणजे गे असं नव्हे, ते वेगळं, दोन्ही एकात मिसळू नका. पण डोंगरावर पाया पडायचं आणि खाली उतरल्यावर त्यांनाच भाड्यानं खोली द्यायची नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. देवीच्या नावानं मान मिळतो, घर मिळत नाही. घराला कायदाच लागतो.

निपाणी_२९
मी स्वतः गे आहे, तंबाखूच्या वखारीत हिशेब बघतो, घरी माहीत नाही. आण्णा, तुम्ही बहुतेकांचं म्हणालात म्हणून सांगतो. 1956 पासून आपली माणसं इथं कर्नाटकात मराठीतून कागद द्या म्हणून भांडतायत. तेव्हा कुणी म्हणालं की इथं बहुतेक लोक कन्नड आहेत, त्यांच्या भावनेचा मान ठेवा आणि गप बसा, तर तुम्ही बसाल का? आपण संविधान काढून दाखवतो की नाही? मग तेच संविधान मी माझ्यासाठी दाखवलं तर तुम्हाला का लागतंय? मीपण रोज देवाला दिवा लावतो ओ.

शहापूरचे_आण्णा
लग्नाचं अजून पटलं नाही. पण कागदाचं बोललास ते लागलं बाबा. विचार करतो.

खानापूरकर_माळकरी
निपाणीकर भाऊ, तुमचं लिहिलेलं भावाला वाचून दाखवलं. परत एकदा वाच म्हणाला. एकादशीनंतर बाबांशी बोलायचं ठरवलंय, दोघं मिळून बसणार आहोत.